‘तयारी करतोय’ : नवी पेठेतला मुलगा आणि आष्टीतली बहीण

पुण्यात नवी पेठेत माझी छोटी अभ्यासिका आहे. दोन मजले, 64 टेबलं. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं इथे बसतात. प्रवेशाच्या अर्जात नाव, गाव, शिक्षण, घरच्यांचा फोन नंबर आणि ‘व्यवसाय’ असा एक रकाना आहे. छापखान्यातल्या तयार नमुन्यात तो होता, आम्ही काढला नाही. दर जूनमध्ये प्रत्येकाकडून अर्ज नव्याने भरून घेतो.

एका मुलाचे असे सहा अर्ज माझ्या फायलीत आहेत. 2018 मध्ये त्याने व्यवसायाच्या रकान्यात ‘बी. ई. मेकॅनिकल’ लिहिलं. 2019 मध्ये ‘विद्यार्थी’. 2020 च्या जूनमध्ये अभ्यासिकाच बंद होती. 2021 आणि 2022 ला ‘एमपीएससी’, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा. 2023 ला आडवी रेघ. 2024 ला रकाना कोरा.

हे प्रकरण त्याचं आहे आणि तितकंच त्याच्या बहिणीचं. दोघांना विचारून लिहितोय. नावं आणि गाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका, एवढं पुरे. माझं घर या मुलांच्या फीवर चालतं, हेही आधीच सांगायला हवं. तरुण मुलं कामाच्या बाजारात का उतरत नाहीत, यावर बोलताना ‘मुलांना कष्ट नकोत’ असं सर्रास ऐकू येतं. दहा वर्षं पहाटे साडेपाचला शटर वर जाताना पाहिल्यावर मला ते वाक्य सहन होत नाही. मुलगा थांबतो तेव्हा त्यामागे अख्ख्या घराने मांडलेला हिशोब असतो. आणि त्याच्या थांबण्याची किंमत बऱ्याचदा त्याच घरातली दुसरी कुणीतरी मोजते. या घरात ती बहिणीने मोजली.

पहिली नोकरी

चार एकर शेत, त्यातलं दीड एकर विहिरीखाली. कापूस, तूर, थोडा कांदा, दोन म्हशी. मुलगा नगरला इंजिनिअरिंग करून 2017 मध्ये पास झाला आणि चाकणला कामाला लागला. म्हणजे तो बाजारात उतरला होता. हे लोक विसरतात, त्याचे वडीलसुद्धा विसरले होते. गाड्यांचे सुटे भाग करणारी कंपनी, पण नेमणूक ठेकेदाराकडून. हातात 11,500 रुपये, शिफ्ट बारा तासांची. पदवी मेकॅनिकलची आणि काम मशिनला पार्ट लावायचं आणि काढायचं. शेजारच्या मशिनवर दहावी पास मुलगा तेच काम तेवढ्याच पगारात करत होता. सात महिन्यांनी ठेकेदार बदलला, नव्या ठेकेदाराने जुन्यांतली निम्मी माणसं घेतली, उरलेल्यांत हा होता.

या सात महिन्यांचं अनुभवपत्रही त्याला मिळालं नाही. ठेकेदार म्हणाला कंपनीकडून घे, कंपनी म्हणाली तू आमचा नाहीस.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोठी घटना हीच. परीक्षेचा मोह नंतर आला. शिकलेल्याला शिक्षणाचा उपयोग नाही, केलेल्या कामाचा कागद नाही, आणि दोन वर्षांनी पगार किती होईल याचा अंदाज नाही. अशी पहिली नोकरी करून आलेला मुलगा दुसऱ्या तसल्याच नोकरीकडे कशाला जाईल? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने 2024 मध्ये भारतातल्या रोजगारावर जो अहवाल आला, त्यात 2022 चे आकडे आहेत : लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेरोजगारी 3.4 टक्के आणि पदवीधर तरुणांत 29.1 टक्के. न शिकलेला मिळेल ते काम करतो, कारण त्याला थांबणं परवडत नाही. शिकलेला थांबतो. शिवाय त्याला थांबता यावं म्हणून घर पैसे उभे करतं.

समोर काय दिसत होतं, तेही बघा. पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक), एसटीआय (राज्य कर निरीक्षक), एएसओ (सहायक कक्ष अधिकारी) या पदांचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार 38,600 पासून सुरू. तलाठ्याचं 25,500 पासून. वर भत्ते, आणि उद्या सकाळी ठेकेदार बदलेल ही भीती नाही. 2018 च्या ऑगस्टमध्ये तो एका पत्र्याच्या पेटीसह माझ्याकडे आला. सोबत गावातलाच एक मुलगा होता, ज्याची आदल्या वर्षी पोस्ट निघाली होती, म्हणजे सरकारी पदावर निवड झाली होती. प्रत्येक गावात असा एक असतो. त्याचा बॅनर एसटी स्टँडवर लागतो, फेटा बांधून मिरवणूक निघते. ज्यांची निघाली नाही त्यांचे बॅनर नसतात, म्हणून ते किती आहेत हे गावाला कधी दिसतच नाही.

घरचा हिशोब

त्याचा महिन्याचा खर्च मला पाठ आहे. कॉट बेसिसवर (म्हणजे एका खाटेपुरती) खोली 2,800, मेस 3,200, अभ्यासिका 1,000, टेस्ट सिरीज, झेरॉक्स, फॉर्मच्या फी धरून साडेआठ हजारांच्या आसपास. वर्षाचा लाख. हे पैसे दुधातून यायचे. दहा दिवसांनी डेअरीचं बिल निघायचं आणि वडील त्यातला मोठा भाग फोनवरून पाठवायचे. 2019 पासून मी त्याची फी माफ केली. बदल्यात तो पहाटे साडेपाचला शटर उघडायचा, झाडून घ्यायचा, आठपर्यंत काउंटरवर बसायचा.

केंद्र सरकार जे श्रमशक्ती सर्वेक्षण करतं, पीएलएफएस, त्यात माणसाला तीनपैकी एका खान्यात टाकतात : काम करणारा, काम शोधणारा, आणि दोन्ही न करणारा. पहिले दोन श्रमशक्तीत, तिसरा बाहेर. गणकाने आष्टीतल्या घरी विचारलं असतं तर वडिलांनी सांगितलं असतं, “पोरगा पुण्याला शिकतोय.” मुलाला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, “तयारी करतोय.” पण गेल्या सात दिवसांत एक तासही काम केलं असेल तर साप्ताहिक निकषाने माणूस रोजगारात धरला जातो, आणि मोबदला पैशातच मिळायला हवा असं नाही. म्हणजे माझं शटर उघडणारा हा मुलगा त्या निकषाने कामगार होता. माझ्याकडे असे आणखी चार-पाच जण कायम असतात. कुणी टेस्ट सिरीजचे पेपर तपासतो, कुणी संध्याकाळी दहावीच्या शिकवण्या घेतो, कुणी मेसचे डबे पोचवतो. यातला एकही जण स्वतःला काम करणारा म्हणवून घेत नाही. ‘काम’ हा शब्द त्यांनी पोस्ट निघण्यासाठी राखून ठेवलेला असतो.

आता त्याची बहीण. त्याच्याहून दोन वर्षांनी लहान, 2020 ची बी. एस्सी., विषय रसायनशास्त्र, गुण भावापेक्षा चांगले. तिला बी. एड. करायचं होतं. दोन वर्षांचा मिळून लाखभर खर्च होता. घरात वर्षाला एकच लाख निघत होता आणि तो पुण्याला जात होता. “दादाचं एकदा होऊ दे, मग तुझं बघू,” असं आई म्हणाली. त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. भावाची पोस्ट निघाली की बहिणीचं शिक्षण, तिचं लग्न, घराचा स्लॅब, सगळं एका दमात होईल असा तो हिशोब होता.

ती चार वर्षं घरी राहिली. ‘घरी’ म्हणजे पहाटे पाचला उठून दोन्ही म्हशींची धार काढायची, दूध डेअरीत घालायचं, पाणी, स्वयंपाक, आणि दिवाळीच्या पुढेमागे महिना-दीड महिना कापसाची वेचणी. कापसाच्या बोंडाचं टोक वाळल्यावर सुईसारखं होतं; नखाच्या कडेला ते रोज टोचतं, मग तिथली कातडी फाटते आणि भाकरी थापताना पिठातलं मीठ झोंबतं. हे तिने मला फोनवर सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. तिची बोटं कशी बरी झाली हे सांगताना. वडिलांना विचारलं तर उत्तर ठरलेलं : “ती काय, घरीच असते.”

घरच्या शेतीत बिनपगारी राबणारी बाई सर्वेक्षणात ‘मदतनीस’ म्हणून स्वयंरोजगारात मोजली जाते. 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग देशात 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाला. या वाढीचा मोठा भाग ग्रामीण स्वयंरोजगारातला आहे आणि त्यात अशा बिनपगारी मदतनीस पुष्कळ. तेव्हा हा आकडा बघून कुणी हरखून जाऊ नये. या घरात डेअरीला दूध घालणारी मुलगी, पण बिल वडिलांच्या नावावर आणि पैसे भावाच्या मेसला. भाऊ तयारी करत होता तो तिच्या धारेवर.

तारखा

स्पर्धा परीक्षेत अभ्यासाहून जास्त काय थकवतं, तर तारीख. एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेची 2020 ची पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला होती. करोनामुळे ती पुढे गेली, हे सगळ्यांना पटलं. मग ती पुन्हा पुन्हा पुढे गेली. ऑक्टोबरची तारीख मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या स्थगितीनंतरच्या गदारोळात गेली. शेवटी 14 मार्च 2021 ठरली आणि तीन दिवस आधी, 11 मार्चला, पुन्हा पुढे ढकलली. त्या दुपारी शास्त्री रस्त्यावर मुलं निषेधाला बसली, त्यांत माझ्या अभ्यासिकेतली निम्मी होती. टेबलांवर पुस्तकं उघडी, पेनाची टोपणं काढलेली, आणि माणूस एकही नाही. परीक्षा अखेर 21 मार्चला झाली. 2024 च्या राज्यसेवेचंही तसंच : एप्रिलवरून जुलै, जुलैवरून 25 ऑगस्ट, आणि प्रत्यक्षात 1 डिसेंबर.

बाहेरच्याला वाटेल, तारीख पुढे गेली तर अभ्यासाला जास्त वेळ मिळाला. प्रत्यक्षात त्या वेळेत मुलगा दुसरं काही करू शकत नाही. सहा महिन्यांनी परीक्षा आहे हे नक्की माहीत असतं तर त्याने चार महिने नोकरी केली असती. परीक्षा ‘लवकरच’ असते, तेव्हा तो पेठेतच थांबतो. तमिळनाडूने 2001 ते 2006 या काळात बहुतेक सरकारी भरती गोठवली होती. तेव्हा मुलं हताश होऊन दुसरीकडे वळली असतील असं आपल्याला वाटेल. पुढे झालेल्या अभ्यासात उलट दिसलं : शिकलेले तरुण पुरुष अधिक काळ बेकार राहून तयारीच करत राहिले. मला त्याचं नवल वाटलं नाही. दार बंद आहे असं कुणी सांगितलं नव्हतं, उघडेल कधी तेवढंच सांगितलं नव्हतं.

त्यात ‘थोडक्यात गेलं’ हे विष. पीएसआय, एसटीआय, एएसओ या पदांसाठीच्या संयुक्त परीक्षा 2020 ची पूर्व 4 सप्टेंबर 2021 ला झाली. तो पास झाला. मुख्य परीक्षेत एसटीआयला अडीच गुण कमी पडले. चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो त्या परीक्षेत अडीच गुण म्हणजे दोन-तीन प्रश्न. तीस गुणांनी गेलं असतं तर तो त्याच वर्षी घरी गेला असता, असं तो स्वतः म्हणतो. अडीच गुणांनी त्याला आणखी तीन वर्षं इथे बसवलं. त्याच परीक्षेला त्याच्या आसपासच्या गुणांवर किती हजार जण असतील, हा विचार त्या वयात कुणाच्या डोक्यात येत नाही. 2023 ची तलाठी भरती घ्या : 4,644 जागा आणि 10 लाखांवर अर्ज. म्हणजे दोनशेहून अधिक अर्जांमागे एक जागा. हा भागाकार मी फळ्यावर करून दाखवला आहे. मुलं बघतात, मान डोलावतात आणि टेबलावर जाऊन बसतात, कारण फळ्यावरच्या भागाकारात चाकणचा ठेकेदार नसतो.

वयाचंही एक आहे. 2016 मध्ये राज्याने कमाल वय खुल्या गटाला 38 आणि मागासवर्गीयांना 43 केलं. मागणी मुलांचीच होती आणि भरती वेळेवर होत नसताना ती चुकीची म्हणता येत नाही. पण घर जो हिशोब मांडतं त्यातली शेवटची तारीख त्यामुळे फार लांब गेली.

आणि लग्न. पाहुण्यांचा पहिला प्रश्न, “परमनंट आहे का?” खासगी नोकरीत असलेल्या मुलाला नकार येतो, तयारी करणाऱ्याला मात्र ‘निकालानंतर बघू’ म्हणतात. हे मी अनेक घरांत पाहिलं. चाकणमध्ये पंधरा हजारांवर काम करण्यापेक्षा पेठेत बसून राहणं समाजात वजनदार ठरतं, तोवर कुठल्याही रोजगार मेळाव्यात या मुलाकडून फार अपेक्षा ठेवू नये.

2024

त्या वर्षी जुलैत राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा महिने काम, बारावी पास असेल तर 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमा असेल तर 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना, थेट खात्यात. पुढे मुदत पाच महिन्यांनी वाढली. बहिणीने शाळेतल्या शिक्षकांकडून ऐकून अर्ज केला आणि तिला गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत जागा मिळाली.

घराने तिला का जाऊ दिलं, हे मी तिला खोदून विचारलं. तालुक्याच्या गावात एका औषध दुकानात तिला आधी काम मिळत होतं, सात हजारांचं. वडिलांनी नाही म्हटलं होतं. शाळेला हो का? तिने सांगितलेली कारणं अशी : शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर, म्हणजे एसटी नको आणि संध्याकाळचं स्टँडवर थांबणं नको. काम दहा ते पाच, म्हणजे सकाळची धार चुकत नाही. शाळा सरकारी, म्हणजे गावात कुणी नाव ठेवणार नाही. आणि पासबुक तिच्या नावावर, हे मात्र तिने सगळ्यात शेवटी सांगितलं. मुलींना कौशल्य नाही, आत्मविश्वास नाही, असं बोलणाऱ्यांनी या चार गोष्टींची यादी एकदा वाचावी. पदवी चार वर्षांपूर्वीचीच होती. बदललं ते अंतर, वेळ आणि पासबुक.

या योजनेबद्दल माझं मत पूर्ण चांगलं नाही. अकरा महिन्यांनी मुलांना पुन्हा घरी पाठवायचं आणि हातात त्या अनुभवाचा उपयोग होईल असं काही द्यायचं नाही, यातून राज्यभर नाराजी झाली, आंदोलनं झाली, आणि ती रास्त होती. तरी या एका घरात या योजनेने जे केलं ते खरं आहे.

पहिले दहा हजार जमा झाले तेव्हा बहिणीने भावाला तीन हजार पाठवले. “मेसचे असू दे, दादा.” राज्यसेवा 25 ऑगस्टवरून पुढे गेल्यानंतरचे दिवस. तो काउंटरवर मोबाईल हातात घेऊन उभा होता, मला मेसेज दाखवला आणि म्हणाला, “सर, इतकी वर्षं आप्पा पाठवतात असं वाटायचं.” पुढे काही बोलला नाही. मी चहा मागवला.

दिवाळीनंतर तो नोकरी शोधायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा, अनुभवपत्र नसलेला मेकॅनिकल इंजिनिअर. तीन ठिकाणी एकच प्रश्न : “सहा वर्षं काय करत होता?” एके ठिकाणी त्याने प्रामाणिकपणे सांगितलं तर समोरचा म्हणाला, पोस्ट निघाली की तुम्ही सोडून जाणार. मालकाच्या बाजूने हेही चूक नाही, पण असा प्रत्येक नकार त्या मुलाला परत टेबलाकडे ढकलतो. यूपीएससीने 2018 पासून, मुलाखतीपर्यंत पोचून निवड न झालेल्यांचे गुण त्यांच्या संमतीने इतर नोकरी देणाऱ्यांसाठी खुले करायला सुरुवात केली. राज्याच्या मुख्य परीक्षेत दोन-तीन गुणांनी राहिलेल्यांसाठी असं काही झालं तर ‘काय करत होता’ याला निदान एक कागद दाखवता येईल. तारखांचं पक्कं वेळापत्रक आणि हा कागद, एवढं मिळालं तर माझी निम्मी टेबलं रिकामी होतील. व्हावीत.

त्याला नोकरी मिळाली ती ओळखीने. शेजारच्या टेबलावर दोन वर्षं बसलेला मुलगा रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीत लागला होता, त्याने सुपरवायझरला सांगितलं. मुलाखत ऑफिसात झालीच नाही. सुपरवायझरने शॉप फ्लोअरवर त्याच्या हातात व्हर्नियर, म्हणजे बारीक मोजमापाचं साधन, आणि एक बुश दिला आणि आतला व्यास मोजायला सांगितला. आदल्या संध्याकाळी तो नाना पेठेतल्या एका लेथवाल्याकडे जाऊन तासभर मोजमाप करून आला होता. सहा वर्षांत हात विसरला असेल ही धास्ती. लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) 0.02 मिमी, रीडिंग बरोबर आलं. गॅपबद्दल कुणी विचारलं नाही. पगार 19,000, कंपनीच्या रोलवर, जायला-यायला कंपनीची बस.

2025 च्या जूनमध्ये तो डिपॉझिट घ्यायला आला. पेटी आधीच नेली होती. संयुक्त परीक्षेचा फॉर्म पुन्हा भरणार आहे असं सांगितलं, आणि रविवारी टेबल मिळेल का विचारलं. मी हो म्हटलं. साप्ताहिक सुटी गुरुवारी आहे, ती रविवारी करून घेता येते का ते बघतोय.

बहिणीने अकरा महिन्यांत साठवलेल्या पैशांतून बी. एड.ला प्रवेश घेतला. कॉलेज तालुक्याच्या गावात, एसटी सव्वासातला. भाऊ महिन्याला चार हजार घरी पाठवतो, त्यातून तिचा पास आणि पुस्तकं होतात. सव्वासातची गाडी गाठायची तर धार काढून, दूध घालून निघणं जमत नाही. दोन्ही म्हशींची धार आता आई एकटी काढते. तिचं मनगट दुखतं, रात्री ती त्याला तेल लावते, आणि एक म्हैस विकावी का, यावर घरात बोलणं चालू आहे.